नऊ नंबरच्या हाकेची पोच

१

नऊ नंबरच्या खोलीतली आजी गुरुवारी दुपारी साडेतीनला जमिनीवर सापडली. पलंग आणि खिडकी यांच्या मधे पडलेली, एक पाय अंगाखाली दुमडलेला, आणि हाक मारायचं बटण मुठीत घट्ट. कमरेचं हाड मोडलं होतं, पण डोकं शाबूत होतं. चहा घेऊन आलेल्या बाईला तिनं पहिल्यांदा सांगितलं ते एवढंच, "तीनदा दाबलं. पहिल्यांदा दोन एक्केचाळीसला. समोर घड्याळ आहे, मी बघत होते."

आजीनं जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. तिची वेळ चुकायची नाही.

वृद्धनिवासाच्या संगणकात तीनही हाका नोंदलेल्या होत्या. दोन एक्केचाळीस, दोन चव्वेचाळीस, दोन बावन्न. प्रत्येकीपुढे एकच शेरा होता, 'पोच मिळाली'. म्हणजे त्या मजल्यावरच्या नर्सला हाक कळली आणि ती पाऊण तास ढिम्म हलली नाही.

ती नर्स म्हणजे माझी धाकटी जाऊ.

आणि हाका पोहोचवणारी ती वेबसाइट आमच्या कंपनीनं केलेली. तिची तपासणी माझी. प्रोग्रामर लोक लिहितात, मी त्यातल्या चुका काढते. म्हणून ऑफिसात मला खुसपटबाई म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि मला त्याचा राग नाही. भिंतीवर एक मोठा फलक आहे. चाचणी पडली की तिथे लाल ठिपका दिसतो, पास झाली की हिरवा. सगळा फलक हिरवा झाल्याशिवाय मी कुणाला घरी जाऊ देत नाही. माझ्या हाताखालून गेलेलं काम परत आलेलं नाही, हे मी चारचौघांत बरेचदा ऐकवलेलं आहे.

वृद्धनिवासाच्या मॅनेजरनं जाऊबाईला शनिवारपर्यंत मुदत दिली. स्वतः राजीनामा दे, नाहीतर हलगर्जीपणाबद्दल काढल्याचं पत्र घे. ते पत्र एकदा हातात पडलं की कुठलंही हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नव्हतं. तिला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही करायचंही नाही.

फोनवर हाक आलीच नाही, असं ती म्हणत होती. आता यात दोनच शक्यता होत्या. एक तर माझी जाऊ खोटं बोलत होती, नाहीतर माझं ऑफिस.

२

खरं सांगायचं तर पहिला संशय मला तिचाच आला. आमचं दोघींचं फार सूत नाही. ती मऊ बोलते, सगळ्यांना हो म्हणते आणि मग निस्तरत बसते. मी तशी नाही.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. एकच जागा चारदा पुसून झाली होती.

"फोन कुठे होता तुझा?"

"खिशात."

"आवाज बंद करून?"

"नाही हो ताई. चालू होता."

"आणि तू कुठे होतीस?"

तिनं फडकं पिळलं. "मजल्यावरच."

"मजल्यावर कुठे?"

"मजल्यावरच होते म्हटलं ना."

हिचं काहीतरी लपवणं चाललंय, हे न कळायला मी काही कालची नाही. "हे बघ," मी म्हटलं, "कारणं नकोत मला. काय झालं ते सांग."

तिनं मान वर केली. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. "मी कुठे कारण सांगतेय? फोन वाजला नाही, एवढंच म्हणतेय. दुपारी तो वाजतच नाही कधी. दोन ते चार शांत वेळ असते ना, सगळे झोपलेले असतात, म्हणून आधी खोलीच्या दारावरचा दिवा लागतो. दिवा बघून मी जातेच. नाहीच दिसला, तर दोन मिनिटांत फोन वाजेल, असं तुमचीच माणसं शिकवून गेली होती."

"मग दिवा दिसला नाही का तुला?"

ती बोलणार एवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली आणि ती फडकं टाकून पळाली. त्या हाकेला पोच लगेच मिळाली.

रात्रभर तो एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. ही दुपारी दोन ते साडेतीन होती तरी कुठे?

३

शुक्रवारी सकाळी मी वृद्धनिवासात गेले. जिन्यातच रंगाचा वास आला. मॅनेजर दारात उभा होता. किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत बोलायची त्याला सवय.

"तुम्ही जाऊ म्हणून आलात की कंपनीकडून?"

"दोन्हीकडून."

"मग नोंद बघा आणि समजून घ्या. माणूस विसरतो, मशीन विसरत नाही. आणि तुमचे साहेब काल चार वाजताच येऊन गेले की. चांगले अर्धा तास त्या संगणकापाशी बसले होते. एकटेच."

आमचे साहेब? आजी साडेतीनला सापडली आणि साहेब चारला हजर? आम्हाला ऑफिसात बातमी पाच वाजता कळली होती. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी मजल्यावर गेले. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला नर्सचं टेबल. प्रत्येक दारावर एक छोटा लाल दिवा. निम्मी भिंत रंगवून झालेली. आणि सात, आठ, नऊ या तीन दारांवरचे दिवे दिसतच नव्हते. त्यांच्यावर वर्तमानपत्र चिकटवलेलं, त्यावर रंगाचे शिंतोडे.

रंगारी पायरीवर बसून ब्रश धूत होता. "मी विचारून लावलेत कागद," तो मी काही बोलायच्या आधीच म्हणाला. "दिव्यावर रंग उडाला तर माझ्यावर खापर फुटणार. मॅनेजर म्हणाले, लाव, फोन आहेत सगळ्यांकडे."

म्हणजे नऊ नंबरचा दिवा लागला होता, पण कागदाआड. जाऊला तो दिसला नाही हे खरं. पण मग दोन मिनिटांनी फोन वाजायला हवा होता. तो का वाजला नाही? की वाजला आणि हिनं ऐकला नाही?

दोन नंबरच्या आजोबांनी मला खुणेनं आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

"ती पोरगी इथे होती," ते कुजबुजले. "माझी नखं कापत होती. मला साखरेचा आजार आहे, नर्सनं नखं कापायची नाहीत असा नियम आहे, डॉक्टरच कापणार. डॉक्टर येतो महिन्यानं. मीच गळ घातली तिला. माझं नाव येईल म्हणून ती गप्प बसलीय."

"आणि फोन?"

"पलंगावर, माझ्या पायाशी ठेवला होता. एकदाही वाजला नाही. वाजला असता तर ती उठून पळाली असती आणि माझ्या डाव्या पायाची नखं तशीच राहिली असती. ही बघा, दहाच्या दहा कापलेली आहेत."

मी बघितली. साक्षीदार म्हणून नखं मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होती, पण ती खोटं बोलत नव्हती.

खाली येऊन मी नोंद पुन्हा उघडली. या वेळी तास-मिनिटं सोडून सेकंद बघितले. हाक दोन एक्केचाळीस आणि सात सेकंदांनी. पोच दोन एक्केचाळीस आणि सात सेकंदांनी. दुसरी हाक, तेच. तिसरी, तेच.

फोन वाजला की तो खिशातून काढायचा, बघायचा आणि 'आले' हे बटण दाबायचं, तेव्हा पोच मिळते. याला कितीही चपळ बाईला चार-पाच सेकंद लागतातच. इथे हाक आणि पोच एकाच सेकंदाला होती, तीनही वेळा.

ही पोच माणसानं दिलेली नव्हती.

४

मी तशीच ऑफिसात गेले आणि साहेबांच्या केबिनचं दार न वाजवता उघडलं.

"काल चार वाजता तिथे काय करत होतात?"

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मॅनेजरनं मला फोन केला. म्हणून गेलो. नोंदीची प्रत काढून आणली."

"एकट्यानं? आम्हाला न सांगता?"

"तुझी जाऊ आहे ती. तुला काय सांगणार? उद्या नोंद बदलली असा आळ तुझ्यावर आला असता."

"आणि तुमच्यावर आला तर?"

मग त्यांनी प्रत माझ्यापुढे ढकलली. "बघ. वर्षभराची आहे. एक अक्षर बदललेलं सापडलं तर मला सांग."

मी खरंच बघत बसले. जेवणाची वेळ टळून गेली. सकाळच्या हाका घेतल्या, तर पोच मिळायला कधी आठ सेकंद, कधी वीस, एकदा तर सव्वा मिनिट. संध्याकाळीही तसंच. पण दुपारी दोन ते चारमधली हाक कुठलीही काढा, कालची काढा नाहीतर दहा महिन्यांपूर्वीची, पोच त्याच सेकंदाला. शेकडो हाका, आणि एकीलाही अपवाद नाही.

काल अर्ध्या तासात बसून कुणी शेकडो ओळी बदलू शकत नाही. साहेब सुटले. खोटं काल शिरलेलं नव्हतं, ते वर्षभर तिथेच राहत होतं. आणि दुपारी वेगळं काय होतं? दुपारी आधी दिवा लागतो. जाऊबाई तेच म्हणाली होती, दुपारी फोन वाजतच नाही कधी.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, फार अवघड नाही. हाक पोहोचवायचे मार्ग तीन, फोन, टेबलावरची घंटा आणि दारावरचा दिवा. प्रत्येकाचा वेगळा प्रोग्राम, त्याला आम्ही क्लास म्हणतो. पण मुख्य वेबसाइटला कुठला मार्ग आतून कसा चालतो याच्याशी देणंघेणं नसतं. तिच्यापाशी एक करार असतो, त्याला इंटरफेस म्हणतात. करारात फक्त अटी. जो कुणी हाक पोहोचवायचं काम घेईल, त्याला दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. एक, हाक देणं. दोन, 'पोच मिळाली का?' या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणं. ज्या क्लासनं करारावर सही केली, त्याला दोन्ही अटी पाळाव्याच लागतात. एक जरी गाळली तरी प्रोग्राम उभाच राहत नाही. आणि उत्तर खरं आहे का, हे करार बघत नाही. उत्तर आलं की त्याचं समाधान.

वेबसाइट पहिल्या मार्गाला विचारणार, पोच मिळाली का? 'नाही' आलं तर दोन मिनिटं थांबून पुढचा मार्ग धरणार. 'हो' आलं की काम संपलं.

मी दिव्याचा क्लास उघडला. दिव्याकडे जाणारी तार एकच आहे, परत येणारी नाही. दिवा कुणी बघितला की नाही, हे दिव्याला कसं कळणार? तरी करारापायी त्याला उत्तर देणं भाग होतं. पोचेच्या प्रश्नाखाली एकच ओळ लिहिलेली होती.

हो.

काही तपासणं नाही, काही बघणं नाही. कधीही विचारा, हो. म्हणून दुपारी फोनची पाळी वर्षभरात एकदाही आली नव्हती, आणि दिवे उघडे होते तोवर कुणाला ते जाणवलंही नाही.

असल्या प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कुणी लिहिली त्याचं नाव उमटतं. या ओळीपुढे मौनीचं नाव होतं.

५

मौनी आमचा सगळ्यात गप्प प्रोग्रामर. दिवसाला दहा शब्द, त्यातले चार 'हो' आणि दोन 'बघतो'. घोडं इथे पेंड खात होतं तर. माझं डोकं असं फिरलं होतं की मी त्याच्या टेबलापाशी उभीच राहिले.

"दिव्याच्या क्लासमधे 'हो' तू लिहिलंस?"

"हो."

"दिव्याला काही कळत नाही हे तुला माहीत नव्हतं?"

"होतं."

"एक म्हातारी पाऊण तास जमिनीवर पडून होती. एका बाईची नोकरी जातेय. कारणं नकोत मला, का लिहिलंस ते सांग."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच मला खटकलं. मग त्यानं एका चिठोऱ्यावर एक आकडा लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला. ४१२.

"हे काय?"

"तुमचं खुसपट," तो म्हणाला.

मी काढलेल्या प्रत्येक चुकीची नोंद असते, तिला क्रमांक असतो, आणि त्याखाली आमचं काय बोलणं झालं तेही राहतं. मी माझ्या जागेवर येऊन चारशे बारा उघडलं. मागच्या वर्षीचं होतं. मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

वर माझं नाव. खाली मी लिहिलेलं:

'दिव्याची पोच कायम "नाही" येते. चाचणी पडते आहे. तीनही मार्गांची पोच "हो" आलीच पाहिजे. दुरुस्त करा.'

त्याखाली मौनी. त्यानं आयुष्यात लिहिलेला सगळ्यात लांब मजकूर असावा:

'दिवा कुणी पाहिला हे दिव्याला कळू शकत नाही, म्हणून उत्तर "नाही" ठेवलंय, म्हणजे फोन वाजेल. चूक इंटरफेसमधे आहे. पोचेचा प्रश्न वेगळ्या इंटरफेसमधे काढू का? फोन आणि घंटा तो घेतील, दिवा घेणार नाही. दोन दिवस लागतील.'

त्याखाली मी:

'कारणं नकोत. हिरवं करून द्या.'

त्याखाली तो:

'केलं.'

आणि सगळ्यात खाली, त्याच संध्याकाळी, मी: 'तपासलं. बंद.'

मला लाज वाटली. समोर भिंतीवरचा फलक सगळा हिरवा होता.

६

शनिवारी सकाळी निघण्याआधी मी साहेबांना चारशे बारा दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि आवाज खाली आणला.

"त्यांना एवढं कोण विचारतंय? ओळ मौनीची आहे, नाव मौनीचं आहे. तो तसाही पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोय. प्रोग्रामरची चूक म्हणू, जाऊ सुटेल, तूही सुटशील."

सोपं होतं. जाऊ खरंच सुटली असती. मौनीनं तोंड उघडलं नसतं, याची मला खात्री होती. वर्षभर उघडलं नव्हतंच.

अकरा वाजता मॅनेजरच्या खोलीत आम्ही पाचजण होतो. मॅनेजर, साहेब, मौनी, मी आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊबाई. मॅनेजरपुढे ते पत्र तयार होतं, फक्त सही बाकी होती.

"शांत वेळ चालू आहे असं समजा," मी म्हटलं, आणि मौनीनं तशी वेळ संगणकात लावली. जाऊचा फोन मी टेबलाच्या मधोमध ठेवला. वर जाऊन नऊ नंबरचं बटण दाबायला चहावाल्या बाईला सांगून ठेवलं होतं.

पडद्यावर ओळ उमटली. हाक, नऊ नंबर. त्याच सेकंदाला शेजारी, पोच मिळाली.

सगळे फोनकडे बघत राहिले. दोन मिनिटं गेली, मग तीन. फोन गप्प. किल्ल्यांचा जुडगाही फिरायचा थांबला होता.

"ही पोच कुणी दिली?" मॅनेजरनं विचारलं.

"दिव्यानं," मी म्हटलं. "तो लागला की स्वतःच सांगतो, कळलं म्हणून. पुढे फोन वाजतच नाही. गुरुवारी तो कागदाआड तीनदा लागला, कुणाला दिसला नाही, आणि तीनदा त्यानं हो म्हटलं. हिला हाक गेलीच नव्हती. पत्र फाडा."

मॅनेजरनं पत्र लगेच फाडलं नाही. "ते हो कुणी लिहिलं?"

साहेबांनी घसा खाकरला. मौनीनं मान खाली घातली. तो पुन्हा गप्पच बसणार होता.

"लिहिलं यानं," मी म्हटलं, "सांगितलं मी. यानं आधी खरं उत्तर लिहिलं होतं, नाही असं. मला फलकावर तो एक लाल ठिपका सहन झाला नाही. यानं मला कारण सांगितलं होतं, ते मी वाचलं नाही. हा त्याचा कागद." चारशे बाराची छापील प्रत मी टेबलावर ठेवली. "गुन्हेगार हवा असेल तर मी आहे."

मॅनेजरनं कागद शेवटपर्यंत वाचला. मग जाऊचं पत्र मधून फाडलं, आणि उठून रंगाऱ्याला हाक मारली, दिव्यांवरचे कागद काढ म्हणून. ते कागद लावायला आपणच सांगितलं होतं, हे त्याच्याही तोंडावर दिसत होतं.

साहेबांनी त्याच दिवशी माझा सहीचा अधिकार काढून घेतला. माझ्या 'तपासलं'ला आता वर्षभर किंमत नाही. मौनीनं ते दोन दिवसांचं काम दीड दिवसात केलं, करार दोन केले, आणि दिव्याला तो प्रश्न आता कुणी विचारत नाही. नऊ नंबरच्या आजीला मी हॉस्पिटलात जाऊन सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रीत चुकलेली असताना उत्तराला बरोबरची खूण केलीस." मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी जाऊबाई ओट्यापाशी भांडी लावत होती. मी शेजारी उभी राहून पुसून देत होते, जे मी सहसा करत नाही. मग हातातलं पातेलं खाली ठेवून तिनं विचारलं, "ताई, त्यानं एवढं लिहून सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही वाचलं का नाहीत तेव्हा?"

त्या आठवड्यात काम किती होतं, साहेब कसे मागे लागले होते, फलकावर तो एकच ठिपका कसा उरला होता, सगळं माझ्या जिभेवर आलं. मी हातातलं ताट पुसून ठेवलं.

"नाही वाचलं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पुढचं भांडं माझ्या हातात दिलं.